राखीव वेग

अर्धांगवायूनंतर अप्पांचं बोलणं कानामागच्या चिपमधून स्पीकरवर येई. त्यांची मुलगी शर्वरी मिरजेतली नोकरी सोडून त्यांच्याजवळ येऊन राहिली होती. तिच्याशी बोलताना मात्र एकेक शब्द अडखळत येई. चिपचा वेग वाढावा म्हणून सहा महिने ती सेटिंग बदलून पाहत होती. आपलंच कुठंतरी चुकतंय, असं तिला वाटे.

त्या दुपारी तिनं चिपमधल्या जुन्या नोंदी उघडल्या. नव्वद टक्के वेग नॉर्वेतल्या मुकुंदशी, तिच्या भावाशी, फोनवर बोलण्यासाठी कायमचा राखून ठेवलेला होता. तसा हुकूम खुद्द अप्पांचाच होता.

"अप्पा, हे तुम्ही केलंत?"

"त्याला... वेळ... नसतो. तू... इथंच... असतेस."

शर्वरीनं सगळा वेग स्वतःच्या नावावर केला आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"आता बोला. मनात असेल ते सगळं बोला."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं अख्खं वाक्य न अडखळता आलं.

"रविवारी मुकुंदचा फोन यायच्या आत हे पहिल्यासारखं करून ठेव हं."