बुटक्या कर्दळीचे कंद

यामनाने गच्चीवरच्या कुंडीत बुटकी कर्दळ लावली होती, गुडघाभर उंचीची, लालभडक. पुदिन्याच्या चहाला उशीर झाला म्हणून तिच्या नवऱ्याने, बूशताने, आधी तिचं नाक फोडलं, मग कुदळीने कर्दळीचे तुकडे केले.

"आता उगव म्हणावं!"

ते तुकडे मी, शेजारची म्हातारी, झग्याच्या ओच्यात भरून नेले. कर्दळीच्या कंदाला जितके डोळे, तितकी नवी झाडं. उन्हाळ्यापर्यंत मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या आमच्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या गच्च्यांच्या कठड्यांवर तिच्याच कुंड्या फुलल्या.

परवा त्याने यामनाला केसाला धरून गल्लीत फरफटत आणलं. ती कशीबशी सुटून दाराच्या कमानीखाली शिरली. त्याने कंबरेचा पट्टा काढला.

"बूशता, पुरे रे बाळा," मी गच्चीवरून हळूच म्हणाले.

"लल्ला आजी, तुम्ही आपली माळ ओढा!"

मी माळ खाली ठेवली. समोरच्या गच्चीवरच्या बायकांकडे पाहिलं आणि कठड्यावरच्या कुंडीला हात लावला; त्यांनीही लावला.

"वारा सुटला होता," बायकांनी पोलिसांना सांगितलं. माझा सोमवारचा रोजा होता, खोटं कसं बोलू? मी माळ ओढत बसले.



बूशताला चादरीत गुंडाळून नेल्यावर आम्ही खाली उतरून फुटलेल्या कुंड्यांच्या खापऱ्यांतले कंदाचे तुकडे वेचले. पलीकडच्या गल्लीलाही पुरतील.