जांभळी चौकट

काकांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि संगणकाच्या पडद्यावरचा लोगो वरून खाली, मग खालून वर पाहिला. शेजारच्या खुर्चीत काकू मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. जॅम काकूंचा, बरण्या काकूंच्या, सूचना मात्र काकांच्या. आतापर्यंत सहा वेळा.

लोगो काढणाऱ्या मुलीने खुर्चीखाली पाय आवळून धरले होते. चारच्या आत फाइल छापखान्यात गेली नाही, तर सोमवारी लेबलं मिळणार नव्हती. लेबलाशिवाय बरणी फळीवर ठेवायला दुकानदार तयार नव्हता, आणि त्या फळीवर आणखी दोन जॅमवाल्यांचा डोळा होता. सव्वातीन वाजले होते.

लोगो तसा साधाच. एक बुटकी बरणी आणि तिच्यात उभा खोचलेला चमचा. पहिल्याच दिवशी तो पाहून काकू म्हणाल्या होत्या, "हा माझाच चमचा." त्यानंतर काकांनी त्यात उगवता सूर्य घालून पाहिला, गाय घालून पाहिली (जॅमशी गाईचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती), शिवाय पुतण्याचंही मत घेतलं. दर खेपेला बरणी बिचारी जास्तच कोपऱ्यात सरकत गेली. म्हणून आज मुलीने ती मूळच्या जागी आणली होती आणि तिच्याभोवती मुद्दाम एक जांभळी चौकट काढली होती. जाड, नागमोडी, डोळ्यांत खुपेल अशी. काकांनी ती काढून टाकायला लावायची, आपण लगेच काढून टाकायची आणि बरणी वाचवायची, असा तिचा बेत होता. धंद्यातली जुनी युक्ती.

"वा," काका म्हणाले. "ही चौकट झकास जमलीये."

मुलीने घाईने खुर्ची पुढे ओढली.

"काका, छापताना जांभळा रंग जरा मळकट दिसतो..."

"दिसू दे की. उठाव येतोय. इतके दिवस काय कमी आहे ते कळत नव्हतं बघा. हे कमी होतं."

तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी चौकटीकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि पिशवी जमिनीवर ठेवली.

"खरंच छान आहे हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मला तर वाटतं, दुप्पट जाड करावी. आणि कोपऱ्यांत फुलं घालावीत."

"फुलं?" काकांनी चष्मा काढला. "अगं, लेबल आहे की उशीचा अभ्रा?"

"चारच घालू. पण चांगली मोठी."

"तुला यातलं काही कळत नाही. लोकांना बरणी दिसायला नको?" काका मुलीकडे वळले. "असं करा, ती चौकटच काढून टाका. नुसती बरणी ठेवा. सुटसुटीत."

चौकट गेली. बरणी राहिली, चमचा राहिला. काकांचं मत पुन्हा बदलायच्या आत मुलीने फाइल छापखान्याला पाठवून दिली आणि मग कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"बघितलंत?" काका उठता उठता म्हणाले. "मी आलो नसतो तर चौकटीसकट छापून आलं असतं." आणि ते स्कूटर काढायला खाली गेले.

काकू मागे रेंगाळल्या. "यांच्या सकाळच्या चहात मी रोज साखर जरा कमी घालते," त्या म्हणाल्या. "साखर कमी आहे, असं एकदा म्हणून झालं की मग दिवसभर माझ्या पातेल्यात नाक खुपसत नाहीत."

मुलगी ओशाळली. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"कळणार नाही तर काय. पण चूक ठेवायची तर कुणाला आवडणार नाही अशी ठेवावी. तुमचा हात चांगला आहे ना, वाईट काढायला गेलात तरी बरं निघालं."

मग काकूंनी पिशवीतून एक बरणी काढली. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ही तुमच्यासाठी. माझ्यासमोरच चाखा आणि खरं सांगा. घरच्यांचं मत मी धरत नाही, आणि दुकानदाराने नुसत्या बरण्या पाहिल्यात."

झाकण निघेना. मुलीने ते रुमालात धरून पिळलं, दात आवळले, तेव्हा कुठे फिरलं. चहाच्या ट्रेमधला चमचा घेऊन तिने जॅम चाखला. आणखी एक चमचा घेतला. काकू पिशवीची चेन लावत होत्या, उघडत होत्या, पुन्हा लावत होत्या.

"झाकण जरा जास्तच घट्ट बसलंय," मुलगी म्हणाली.

काकूंचा चेहरा उजळला. "ते मीच बसवलंय तसं. बाकी काही नाही ना?"

तिसरा चमचा तोंडात होता, म्हणून तिने नुसतीच 'नाही' अशी मान हलवली.