अप्पांचा डावा हात

साईप्रियाने म्हातारीच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि तिला नाडी सापडेचना.

"दाबू नकोस. नुसती टेकव," सुंदरी सिस्टर तमिळमध्ये म्हणाल्या. त्या खाटेच्या पलीकडे उभ्या होत्या आणि म्हातारीचं दुसरं मनगट त्यांच्या हातात होतं. त्यांची परीक्षेची रीतच तशी. एका हातावर मुलगी, दुसऱ्यावर सिस्टर. एकच मिनिट, तोंडातून अवाक्षर नाही. मिनिट संपलं की मुलीने आकडा सांगायचा. तो सिस्टरांच्या आकड्याशी जुळला नाही, तर त्या मुलीला पुन्हा वॉर्डात पाऊल टाकता यायचं नाही. अकरावीच्या नर्सिंगच्या वर्गातल्या सगळ्याच पोरी या मिनिटाला भ्यायच्या. साईप्रियाची तर खात्रीच होती, की आपण नापास होणार.

कारण तिची बोटं चुकत होती. वर्गात तिची जोडीदारीण वर्षा मैत्रीखातर बोटं टेकायच्या आधीच आकडा कानात सांगून टाकायची, तेव्हा तिथलं काही खरं नव्हतं. घरी आई मनगटाला हात लावू देत नसे. "जीव मोजूं नये गे, आयुष्य घटतें," म्हणून ती इडलीच्या पिठाचे हात मागे घ्यायची. राहिले अप्पा. ऑटो दारात लावून ते आत आले, उजव्या हातात कॉफीचा टंबलर आला, की डावा हात आपण होऊन लेकीपुढे करायचे. ती नर्सिंगला जाणार म्हटल्यावर भाऊबंदांनी नाकं मुरडली होती. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरची पोर, आणि लोकांची घाण काढणार? तेव्हा अप्पाच म्हणाले होते, "काढेल. तुम्ही पडाल तेव्हां तुमचीही काढेल."

अशा बापाला तोंड कसं दाखवायचं, हीच तिची धास्ती होती.

अप्पांच्या हातावर तिचं मोजणं कधीच धड झालं नव्हतं. दोन ठोके लगबगीने यायचे, मग काहीच नाही. मग एक पुसट, आणि पाठोपाठ तीन-चार एकमेकांना ढकलत, शाळा सुटल्यावर पोरं फाटकातून बाहेर पडतात तसे. ती गोंधळायची. सुटलेले ठोके अंदाजाने भरून काढायची.

"सुटलें अप्पा. परत एकदां."

"नाडी माझी बरोबर आहे गे," अप्पा हसायचे. "गणितच तुझें कच्चें."

दहावीला गणितात ती काठावर तरली होती, त्यामुळे तिला ते पटायचं. हसता हसता अप्पांना धाप लागायची. "वायू झाला," म्हणून ते छाती चोळायचे आणि पुन्हा हात पुढे करायचे.

"सुरू कर," सिस्टर म्हणाल्या.

साईप्रियाची बोटं मनगटावर नुसतीच सरकत राहिली. म्हातारी जवळच्याच खेड्यातली होती, बांधावरून घसरून पाय मोडलेली. तिला पोरीची दया आली.

"भिऊ नको कण्णू, लेकरा. मी मेले नाही अजून. सापडेल."

आणि सापडली. एक ठोका, दुसरा, तिसरा. आता एक सुटणार, म्हणून साईप्रिया श्वास रोखून राहिली. सुटला नाही. आता घाईने येतील. तसेही आले नाहीत. देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या बायकांसारखे ते एकामागून एक, सारख्या अंतराने येत राहिले. बोटांखाली इतकं सरळ चालणारं काही तिला आजवर लागलंच नव्हतं.

"थांब. किती?"

"शहात्तर," ती पुटपुटली.

"शहात्तर," सिस्टर म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "तुझी बोटं छान आहेत, पोरी. उगीच घाबरलीस."

साईप्रियाला रडूच आलं, आनंदाने. डोळे पुसत ती वॉर्डाच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. बोटं छान आहेत. मग रोज संध्याकाळी सुटत होतं ते काय?

ती मागे वळली. "सिस्टर, एखाद्याची नाडी सुटत सुटत येत असेल तर? मधेच थांबते, मधेच धावते. धापही लागते."

सिस्टरांचं हसू मावळलं. "अशा माणसाला तडक डॉक्टरांकडे न्यायचं. आत रक्ताची गुठळी होते, ती डोक्यात गेली तर संपलंच. कुणाची नाडी?"

साईप्रिया उत्तर द्यायला थांबली नाही. ती धावतच जिना उतरली. जीव मोजूं नये, आई म्हणायची. तिने रोज मोजला होता, आणि नीट मोजला होता.

इस्पितळाच्या फाटकाबाहेर अप्पांचा पिवळा ऑटो उभा होता. अप्पा पुढच्या सीटवर होते. मान दांड्याला टेकलेली, डोळे मिटलेले, मांडीवर पानात बांधलेला मोगऱ्याचा गजरा.

"अप्पा!"

रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. अप्पांनी दचकून डोळे उघडले. तिचा पांढराफटक चेहरा पाहून ते काय समजायचं ते समजले.

"जाऊं दे गे. एका परीक्षेनें काय होतें?" ते म्हणाले आणि डावा हात तिच्यापुढे केला. "घे. परत मोज."

तिने बोटं टेकवली. दोन ठोके. मग काहीच नाही. मग एक पुसट. या वेळी तिने एकही ठोका भरून काढला नाही. मनगट न सोडता तिने दुसऱ्या हाताने ऑटोची किल्ली काढून घेतली.

"मी पास झालें, अप्पा."