सैल वायर

रेकॉर्ड कोरणाऱ्या हेडमध्ये फार बारीक, तीव्र सूर जोरात शिरला, की ते जळून खाक! तसा सूर अडवणारा लिमिटर बाबा आयुष्यभर कानांनीच लावत आले; मीटरकडे ढुंकूनही बघत नसत.

"चाचणीचा सूर सोड गं लवकर!" बाबा म्हणाले.

लेकीने तो केव्हाच सोडला होता. ती शिट्टी तिच्या कानात सुईसारखी टोचत होती आणि बाबा बटण फिरवतच होते. मीटरचा काटा लाल पट्टीत घुसला, तशी तिने झडप घालून हेडची वायरच उपटली.

"अगं, काय हे?"

"वायर सैल होती, बाबा. तुम्हाला ऐकू कुठून येणार!"

बाबांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात ठेवला.



"आजपासून लिमिटर तू लाव. ती वायर सकाळी मीच आवळली होती."