शेवटच्या ओळीची शेपटी

“शेवटच्या ओळीची शेपटी कापलीय,” बाबा म्हणाले.

ठकीने स्क्रीनला जवळजवळ नाकच टेकवलं. खरंच की! दवाखान्याच्या वेबसाइटवर तिने केलेला मेनू उघडला की सात ओळी खाली उतरत. पण अक्षर मोठं केलं की सगळ्यात खालच्या ‘सूचना’चा ऊकार चौकटीबाहेर जाऊन गडप होई. ऑफिसातल्या चौघांनी हाच मेनू तपासून ‘ठीक आहे’ म्हणून टाकलं होतं. वाचणाऱ्याचा डोळा मोठा लबाड, तुटलेलं अक्षर मनातच पुरं करून मोकळा होतो. ठकीचा डोळाही त्यातलाच.

पुढच्या महिन्यात ती नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार होती. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. पेपर, बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं पूर्वी आई वाचून दाखवायची, आता ठकी. बाबांचं ठरलेलं वाक्य होतं, “अक्षर बारीक आहे गं, तूच वाच.” चष्मा दोनदा बदलून झाला, वाक्य काही बदललं नाही. म्हणून तिने हट्टच धरला होता. निघण्याआधी बाबांनी याच मेनूतून डॉक्टरांची वेळ आपली आपण घेतलेली तिला बघायची होती. नाहीतर तिथे तिच्या जिवाला स्वस्थता लाभणार नव्हती.

“सुईत दोरा ओवताना बरं दिसतं?” तिने चिडवलं.

“दोरा हात ओवतात. चाळीस वर्षांची सवय आहे.”

बाबा शिंपी. गिऱ्हाइकांची मापं त्यांनी कधी वहीत उतरवली नाहीत, सगळी डोक्यात. ठकीला याचा भारी अभिमान.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “ही चौकट किती ठेवलीस?”

“दोनशे पिक्सेल.”

“म्हणजे कायम तेवढीच?”

“हो.”

“मग उसवणारच! माणूस सुटला तरी सदरा तोच? माप अंगाचं घ्यावं, आणि शिवणीत थोडी माया सोडावी.”

ठकीला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिचा हात कीबोर्डकडे गेला. तिने दोनशेचा आकडा खोडला. चौकटीची रुंदी अक्षराच्या मापाला बांधली, उंची मोकळी सोडली, लांब ओळीला दुमडायला जागा दिली. आता अक्षर वाढलं की चौकटही वाढू लागली.

पुढचे तीन दिवस दुपारचा चहा स्क्रीनसमोरच झाला. ती अक्षर वाढवायची, बाबा बोट ठेवायचे.

“तिसरी चौथीच्या डोक्यावर बसली.”

“लांबवालीचे दोन तुकडे झाले. पण जवळजवळ आहेत, चालेल.”

“सात होत्या, सहाच दिसतायत.”

असा चोख तपासनीस कंपनीला पगार देऊनही मिळाला नसता. ठकी खुशीत होती, आणि बाबा तर तिच्याहून खुशीत. दुपारी दुकान बंद करून ते हल्ली अर्धा तास आधीच घरी यायला लागले होते.

चौथ्या दिवशी तिने अक्षर जेवढं मोठं होईल तेवढं केलं. स्क्रीनवर एका वेळी दोनच ओळी मावल्या, पण कुठे काना कापला नाही की मात्रा तुटली नाही. बाबांनी सरकवत सरकवत सातही मोजल्या.

“झकास! फिटिंग बसलं.”

“मग घ्या आता डॉक्टरांची वेळ. मी मध्ये अवाक्षर बोलणार नाही.” तिने हाताची घडी घातली.

बाबांचं बोट पहिल्या ओळीवर गेलं. दुसरीवर गेलं. परत पहिलीवर आलं आणि तिथेच घुटमळलं.

ठकीचा चेहरा उतरला. “एवढं मोठं करूनही दिसत नाही, बाबा?”

बाबांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला.

“दिसतंय गं. पहिल्या दिवशीही दिसत होतं,” ते म्हणाले, आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर बोट टेकवून त्यांनी लाजत विचारलं, “ह्याला काय म्हणतात?”