चारनंतरचा डोंगर

कयाक वाळूला लागली तेव्हा डोंगर हिरवा दिसत होता. नुसता हिरवा.

फ्लोरिस वल्हं आडवं धरून वर बघत राहिला. पुढच्या बैठकीवर त्याची बायको त्रिना रविवारची टोपी एका हाताने दाबून बसली होती. तिने मागे वळून विचारलं, "हाच का?"

"हाच."

"नारिंगी म्हणायचास."

चार वाजून गेले होते. डोंगरावरची ही नारिंगी फुलं उन्हाची. सकाळी दहाला उघडतात, ऊन फिरेल तशी मान फिरवतात आणि चारच्या सुमाराला पाकळ्या आत ओढून घट्ट मिटून घेतात. दक्षिण आफ्रिकेतल्या या गारीप नदीच्या काठावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फ्लोरिस तर बावीस वर्षं प्रवाशांना इथे आणत होता. इकडे रस्ता नाही, यायचं ते नदीनेच. त्याने बावीस वसंत परक्यांना फुलं दाखवली आणि बावीस वसंत त्रिनाने मुक्कामाच्या तळावर त्याच परक्यांसाठी निखाऱ्यावर पाव भाजले. पुढच्या वर्षी तुला नक्की नेतो, असं तो दर वर्षी म्हणायचा. आता तळच विकला गेला होता. सहा वाजता नदीच्या खालच्या अंगाला, जिथे रस्ता पाण्याला भिडतो त्या उतारावर, नव्या मालकाची गाडी येणार होती, ही शेवटची कयाक घेऊन जायला. आणि उद्या ही दोघं कायमची समुद्रकाठी लेकीकडे.

निघायचं ठरलं होतं अकराला. पण आज चर्चमध्ये त्यांच्या निरोपाची प्रार्थना होती. पाद्रीबाबांनी निम्मं प्रवचन गाऊनच सांगितलं आणि शेवटचं कडवं नेहमीसारखं फ्लोरिसने उचललं. तिथली रीत अशी, की उचलणारा जोवर खालच्या सुरावर येत नाही, तोवर मंडळी थांबत नाहीत. आज फ्लोरिस खाली आलाच नाही. कडवं संपत आलं की त्याचा गळा पुन्हा वर चढे. बायका डोळे पुसत होत्या, म्हातारे टाचेने ठेका धरत होते, आणि देव प्रत्यक्ष पुढच्या बाकावर येऊन बसलाय असं वाटत होतं. मग कॉफी, मग गळाभेटी. कयाक पाण्यात ढकलली तेव्हा दोन वाजून गेले होते.

"त्रिना, चुकलं माझं."

"आधी उतरव तर मला. गुडघा धरलाय."

त्याने तिला हात देऊन उतरवलं. ती चार पावलं चढून गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दुपारी कसं दिसतं, सांग ना."

फ्लोरिसने घसा खाकरला. "तर मंडळी, डाव्या हाताला बघा, डोंगरावर कोणी गालिचा अंथरलाय..." तो मध्येच थांबला. दुसरे शब्द शोधू लागला. सापडेनात.

"ते मला पाठ आहे, म्हाताऱ्या," त्रिना म्हणाली. "निघण्याआधी तळावर घोकायचास, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज ऐकलंय. आधी गालिचा, मग तो उन्हाचा विनोद, मग काढा फोटो."

तो हसला नाही. "एकदाच म्हणायला हवं होतं ते कडवं."

"तिसऱ्यांदा उचललंस ना, तेव्हा मी तुझी बाही ओढणार होते. हातसुद्धा पुढे केला होता."

"मग?"

"डोळे मिटलेले होते तुझे," ती म्हणाली. "नाही ओढवलं."

मग तिने घागऱ्याची किनार दोन्ही हातांनी उचलली आणि चढावर निघाली. मिटलेल्या कळ्या चहूकडे इतक्या दाट होत्या की पाय ठेवायला जागा नव्हती. घरात पोरं जमिनीवर ओळीने झोपलेली असावीत आणि आईला पलीकडे जायचं असावं, तशी ती एकेक पाऊल चाचपून टाकत होती. मध्येच वाकायची, एखादी कळी न तोडता बोटावर टेकवून बघायची, आणि पुढे जायची.

ऊन नदीपलीकडे, नामिबियाच्या कड्यांवर चढलं. खालच्या उतारावर गाडी येऊन थांबली असेल. तिथवरच्या वाटेत खडकांतून उसळणाऱ्या पाण्याचे अजून दोन खळाळ होते, आणि अंधारात तिथून जाणं शहाणपणाचं नव्हतं. फ्लोरिसला हे सगळं कळत होतं. त्याचा आवाज असा, की एका काठावरून गायला तर दुसऱ्या काठावरचे गुराखी मान वर करत. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि वल्हं धरून तो घोटाभर पाण्यात तसाच उभा राहिला.