घराण्यातला पट्टा
सिझेरियन होऊन यागोदा घरी आली, तशी सासूने तिच्या पोटावर घराण्यातला लोकरी पट्टा करकचून आवळला. “चाळीस दिवस सोडायचा नाही. ढोलाएवढं पोट घेऊन मिरवणार आहेस का?” पोटाच्या वळीखालचे टाके यागोदाला दिसत नव्हते, नुसते ठणकायचे. आठवडाभरात खोलीभर कुजका वास सुटला. “लठ्ठ बाईला घाम फार,” बाळ बघायला आलेल्या बायकांपुढे राकिया दारूचे पेले सरकवत सासू म्हणायची, आणि त्या नाकाला रुमाल लावून हसायच्या. आज तापाने फणफणल्यावर यागोदानेच पट्टा ओढून सोडला. चिकटलेली लोकर कातडी सोलतच निघाली, वळी उचलताच पिवळा पू मांडीवर ओघळला. तिला स्वतःच्याच अंगाची शिसारी आली. “आई, बघा ना.” सासू नाक दाबून वाकली. चिमटीत पट्टा उचलला. “शी, पार घाण केलास. धुऊन वाळवते, माझ्या लेकीचे दिवस भरलेत, तिला बांधायचाय.”